न बोलणाऱ्या मुलाचं म्हणणं कसं टिपायचं

देहबोलीवर काहीही वाचायला घ्या, एक आकडा हमखास भेटतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतले आहेत. पण त्या प्रयोगांचा विषय फार छोटा होता. सुटा शब्द, तो उच्चारतानाचा सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल, तर समोरच्याची आवड-नावड आपण कशावरून ठरवतो, एवढाच. सगळ्या संवादाला ते लागू होत नाहीत. ‘हाताची घडी म्हणजे नाराजी’ हेही तसंच. माणूस थंडी वाजली तरी हाताची घडी घालतो. आधी त्या माणसाची नेहमीची बसण्या-बोलण्याची पद्धत माहीत हवी. तिच्यात दोन-तीन ठिकाणी एकदम बदल दिसला, तरच त्यातून काही अर्थ काढावा.

विशेष शिक्षणात हे पथ्य फार कसोशीनं पाळावं लागतं, कारण आपण चुकलो तर मुलाला ‘तसं नाही’ म्हणता येत नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणं) असलेल्या मुलाचा चेहरा आवळला जातो तो रागानं नव्हे, स्नायूंच्या ताणानं असू शकतो. नजर भिडवणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही, असं अनेक ऑटिस्टिक (स्वमग्न) प्रौढांनी सांगितलेलं आहे. म्हणून ‘आधी माझ्याकडे बघ’ हा हट्ट सोडून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. (कर्णबधिरांची सांकेतिक भाषा हा इथला विषय नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. ती पूर्ण भाषा आहे.)

सुरुवात वहीपासून करा. चार रकाने आखा: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्याचा बहुतेक अर्थ काय, आपण काय केलं आणि मग काय झालं. दुसऱ्या रकान्यात ‘चिडला’ असं लिहू नका. ‘मान खाली, डावा तळहात चावला, खुर्ची मागे ढकलली’ असं लिहा. घरचे आणि शाळेतले, सगळ्यांनी दोनेक आठवडे नोंद ठेवली की पुन्हापुन्हा येणारे धागे दिसायला लागतात.

नोंदी बारकाईनं का हव्यात ते बघा. मूल तुमचं मनगट धरून कपाटापर्यंत नेतं, तुमचा हात कडीवर ठेवतं, पण तुमच्या चेहऱ्याकडे एकदाही बघत नाही. ही मागणी आहे. दुसरं मूल खिडकीबाहेरच्या पक्ष्याकडे बघतं, मग तुमच्याकडे, मग पुन्हा पक्ष्याकडे. त्याला पक्षी नकोय, तुम्ही तो बघावा एवढंच हवंय. पहिल्याला मागण्याची सोपी खूण शिकवायची. दुसऱ्याला शिकवायचं काही नसतं. हातातलं काम टाकून पक्षी बघायचा.

मारणं, चावणं, डोकं आपटणं अचानक सुरू झालं तर आधी कान, दात आणि बद्धकोष्ठ तपासून घ्या. दुखणं नाही याची खात्री झाल्यावरच वही उघडा. नोंदींतून ‘अवघड काम पुढे आलं की मारतो’ असं दिसलं, तर मारून जे सांगतोय तेच सांगायला सोपी खूण द्या: ‘मदत’ किंवा ‘थांबायचंय’ असं कार्ड. कार आणि ड्युरांड या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं की तोच हेतू साधणारी दुसरी वाट मिळाली की असं वागणं कमी होतं. पण कार्ड मारण्यापेक्षा सोपं आणि झटपट ठरलं पाहिजे. इथेच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. कार्ड उंच फळीवर असतं, किंवा मुलानं ते दिलं की मोठी माणसं म्हणतात, ‘आधी एवढं संपव.’ मुलानं मग का द्यावं? सुरुवातीला प्रत्येक वेळी, ताबडतोब काम थांबवा किंवा मदत करा. वाट बघायला शिकवणं नंतर.

चित्रकार्ड देऊन वस्तू मागण्याची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केली. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. समोरचा आवडती वस्तू दिसेल अशी धरतो. मुलानं तिच्याकडे हात नेला की मागे बसलेला न बोलता त्याचा हात धरून कार्ड उचलायला आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. समोरचा लगेच वस्तू देतो आणि तिचं नाव घेतो. मागच्याची मदत शेवटाकडून काढत न्यायची: आधी कार्ड हातावर सोडणं मुलाचं मुलानं, मग नेणं, मग उचलणं. या टप्प्यात ‘काय हवंय?’ असं विचारायचं नाही, नाहीतर मूल प्रश्नाची वाट बघत बसायला शिकतं. कार्डांमुळे बोलणं मागे पडेल ही भीती पालकांना असते. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढलं आहे.

उत्तर खुणेनं येणार असो वा कार्डानं, एरवी काही विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हालचालींची अडचण असलेल्या मुलाला याहूनही जास्त वेळ लागतो. तिसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो.

वहीतून हाती लागलेलं एका पानावर उतरवा: ‘मी असं करतो, तेव्हा बहुतेक असं म्हणायचं असतं, तुम्ही असं करा.’ दुखलं तर काय करतो आणि ‘नको’ कसं सांगतो, या दोन ओळी सगळ्यात वर. पानावर तारीख घाला, प्रत दप्तरात ठेवा आणि शाळेच्या गाडीतल्या मदतनिसाकडे द्या, आणि खुणा बदलल्या की नवं पान लिहा.