झांबियातली बाराखडी

झांबियाच्या पूर्व भागात, चिपाटाच्या आसपासच्या काही प्राथमिक शाळांत फळ्याशेजारी एक तक्ता टांगलेला असतो. मा मे मी मो मू. त्याखाली बा बे बी बो बू, मग का के की को कू. मराठी माणूस बघताक्षणी ओळखेल, ही तर बाराखडी! चिन्यांजा भाषेत स्वर पाचच आणि जवळपास प्रत्येक उच्चार स्वरावर संपतो, त्यामुळे ती इथे चपखल बसते.

हा तक्ता ज्या शिकवण्याच्या पद्धतीत वापरतात तिचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं एक साधी गोष्ट धरून ठेवली: मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवा, त्याला जेवढं येतं तिथून पुढे शिकवा. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यातल्या बालसखी वर्गांचा (मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून वस्तीतलीच तरुणी शिकवायची) अभ्यास अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मागे पडलेल्या मुलांना या वर्गांचा चांगला फायदा झाल्याचं त्यात दिसलं. या दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. झांबिया सरकारनं २०१६ मध्ये हीच पद्धत ८० शाळांत ‘कॅच अप’ नावानं तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी सुरू केली, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

झांबियातल्या लहान स्वयंसेवी संस्था हे काम हाती घेतात तेव्हा पहिली मागणी असते पुस्तिकेची आणि दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची. नेमकी इथेच गाडी घसरते, आणि याचा पुरावा आपल्याच देशात आहे. बिहार आणि उत्तराखंडच्या सरकारी शाळांत २००८ च्या सुमारास शिक्षकांना साहित्य दिलं, प्रशिक्षण दिलं, आणि नेहमीच्या वर्गात जवळजवळ काहीच बदललं नाही. शिक्षकांना पद्धत पटली नव्हती असं नाही. पण वेळापत्रक तेच होतं, अभ्यासक्रम संपवायची घाई तीच होती. बिहारमध्ये त्याच शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत शिबिरं घेतली, तेव्हा मुलं शिकली. पुढे हरियाणात शाळेच्या वेळात एक तास या कामासाठी राखून ठेवला आणि शिक्षकांसोबत उभा राहणारा माणूस दिला, तेव्हा सरकारी शिक्षकांच्या हातूनही ते झालं.

म्हणून पुस्तिका छापण्याआधी मुख्याध्यापकांसोबत बसून रोजचा एक तास वेळापत्रकात लिहून घ्यायचा. तोंडी होकारावर विसंबायचं नाही. तिसरी, चौथी, पाचवीचा तास एकाच वेळी हवा, नाहीतर इयत्ता सोडून पातळीप्रमाणे गट करायला मुलांची सरमिसळ होऊच शकत नाही. इथे बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात, तिथे हे जुळवायलाच आठवडा जातो. जाऊ द्यावा.

मग चाचणी. एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून दूर, झाडाखाली किंवा व्हरांड्यात. आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. तीनपेक्षा जास्त चुका न करता, शब्द न तोडता वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्द: पाचपैकी चार बरोबर हवेत. तेही जमलं नाही तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर १०० मुलं आणि तीन शिक्षक असताना प्रत्येकाला जवळजवळ तीन तास लागतात. दोन दिवसांत आटोपतं. चाचणीचे दोन वेगळे नमुने ठेवावेत, कारण बाहेर उभी मुलं ऐकून पाठ करतात.

निकाल लागला की खरी परीक्षा मोठ्यांची. अक्षरांच्या गटात पाचवीची मुलं निघतात आणि शिक्षक हळूच त्यांना पुन्हा पाचवीत बसवतात, पालक काय म्हणतील म्हणून. दुसरी चूक याहून महाग पडते. शाळेतला सर्वांत चांगला शिक्षक गोष्ट वाचणाऱ्या गटाला दिला जातो आणि अक्षरांचा गट, जो बहुधा सर्वांत मोठा असतो, नवख्याच्या गळ्यात पडतो. तो गट चाळिशीपार गेला तर फोडायचा, आणि अनुभवी शिक्षक तिथेच द्यायचा. यावर तडजोड करू नये.

आपल्याकडे काही शाळांवर देखरेख ठेवणारा केंद्रप्रमुख असतो, तसं पद इथेही आहे. या माणसानं आधी स्वतः वर्ग घेतलेला असला पाहिजे. हरियाणात अशा मार्गदर्शकांनी १५ ते २० दिवस स्वतः मुलांना शिकवलं आणि मगच शिक्षकांना सांगायला गेले. शाळेत आल्यावर त्यांनी तीनच गोष्टी बघायच्या: तास झाला का, मुलं पातळीप्रमाणे बसली आहेत का, साहित्य मुलांच्या हातात आहे का. तीस प्रश्नांचा फॉर्म दिला की माणूस फॉर्म भरतो आणि वर्ग बघायचा राहून जातो. अंदाजपत्रकात रंगीत छपाईला कात्री लावावी. मार्गदर्शकाच्या मोटरसायकलच्या पेट्रोलला लावू नये.

चाचणीचे आकडे वरच्या कार्यालयात जातात आणि शाळेत परत कधीच येत नाहीत, हेही नेहमीचं दुखणं. एका कागदावर प्रत्येक गटात किती मुलं, पहिल्या चाचणीत आणि आता, एवढं लिहून शिक्षकांच्या खोलीत लावलं तरी पुरतं. पहिली चाचणी मात्र जानेवारीत शाळा उघडताच घेऊ नये. पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारीत ओढे भरलेले, घरातला मका संपत आलेला, निम्मी बाकं रिकामी असू शकतात. मुलं यायला लागली की घ्यावी.

शेजारच्या बोत्स्वानात २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा ‘यूथ इम्पॅक्ट’ या संस्थेनं हेच तत्त्व फोनवर नेलं. आठवड्याला गणिताचा एक मेसेज आणि साधारण २० मिनिटांचा फोन. फोन आणि मेसेज मिळून मुलांचं गणित सुधारलं, नुसत्या मेसेजनं फारसं काही झालं नाही. मूल कुठे अडलंय ते ऐकणारं माणूस लागतंच.

पुन्हा त्या तक्त्याकडे. म्बुझी म्हणजे शेळी. ‘मा’ आणि ‘बू’ धडाधड वाचणारं मूल ‘म्बु’पाशी थबकतं, आपली मुलं जोडाक्षरापाशी थबकतात तशी. दुसऱ्या भाषेतला तक्ता उचलून छापला तर ‘म्बा म्बे म्बी म्बो म्बू’ ही ओळच त्यात नसते. म्हणून पहिला तक्ता हातानं, जाड मार्करनं लिहावा, त्याच भागातल्या २० मुलांपुढे धरावा, जिथे बोट थांबेल तिथे खूण करावी. छापखान्यात जायचं ते त्यानंतर.