खडे वजा

एकतीस वर्षं बँकेत काढली. त्यातली नऊ सोनेतारण कर्जाच्या टेबलावर. त्या टेबलावर बसणाऱ्याला हिऱ्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असली तरी भागतं: तो धरायचा नाही. दागिना काट्यावर ठेवायचा, एकूण वजन लिहायचं, मग आमचा पारखी खडे, लाख, मीनाकाम यांचं वजन अंदाजाने सांगायचा आणि ते पुढच्या रकान्यात जायचं. रकान्याचं छापील नाव इंग्रजीत होतं, मी मनात त्याला 'खडे वजा' म्हणायचे. उरलं त्यावर कर्ज.

समोरची बाई म्हणायची, "मैडम, असली डायमंड है, बंबई से लिया था."

"होगा बहनजी, पर बैंक सिर्फ सोना जानती है."

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की शेवटी माझंच मत तसं झालं. सोनं वितळवलं की सोनंच राहतं आणि त्याचा भाव सकाळी पेपरात येतो. हिऱ्याचा असा एक भाव नसतोच. दोन हिरे वजनाला सारखे असले तरी किमतीत दुपटीचा फरक पडू शकतो, मग कर्ज बुडालं तर लिलावात त्याला बोली कोण आणि कशी लावणार? त्यामुळे आमच्या घरात हिरे हा विषय निघाला की मी तोंड वाकडं करायचे. स्वतःच्या अंगावर आजवर हिऱ्याची चमकीसुद्धा घातली नव्हती.

या हिवाळ्यात लेकाचा साखरपुडा ठरला आणि होणारी सून म्हणाली, "काकू, मला लॅबचा हिरा हवा."

मला वाटलं, पोरगी आमची परिस्थिती बघून बिचारी खोटा खडा मागतेय. मी म्हटलं, "अगं, अमेरिकन डायमंड कशाला? एवढं काही वाईट चाललेलं नाही आमचं." ती हसायलाच लागली. रसायनशास्त्र शिकवते ती. (अमेरिकन डायमंड हा अमेरिकन नाही आणि डायमंडही नाही. तो झिर्कोनियमचा खडा, आणि दागिन्यांसाठी तो मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत १९७०च्या दशकात बसवली ती सोव्हिएत शास्त्रज्ञांनी. हे तिने मला देवासच्या रस्त्यावर गाडीत सांगितलं.) लॅबचा हिरा म्हणजे खरोखरचा कार्बन. हिऱ्याचीच एक पातळ चकती बी म्हणून ठेवायची, भोवती मिथेन वायू तापवायचा, की त्यातला कार्बन थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत हिरा तयार. खाणीतल्याला जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर अब्जावधी वर्षं लागली, फरक तेवढाच. डोळ्यांनी तर नाहीच, भिंगातूनही दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी यंत्र लागतं.

पहिल्यांदा गेलो एका मोठ्या शोरूममध्ये. नाव सांगत नाही. बाहेर 'घडणावळ शून्य'चा फलक, आत इतके दिवे की माझ्या हातातली काचेची बांगडीसुद्धा लखलखत होती. अंगठी पसंत पडली. मी म्हटलं, अंदाजाचा कागद द्या. कागदावर एकच ओळ: अंगठी, एक नग, अमुक रुपये. निव्वळ सोनं किती, त्याचा दर काय, हिरा किती सेंटचा (शंभर सेंटांचा एक कॅरेट) आणि त्याचा दर काय, हे वेगळं लिहून मागितलं तर तो मुलगा म्हणाला, "मैडम, सिस्टम से ऐसा ही निकलता है." नऊ वर्षं मी एकूण आणि निव्वळ हे दोन रकाने भरलेत. मला म्हणे सिस्टीम! घडणावळ शून्य असेल तर ती कुठल्या तरी दुसऱ्या आकड्यात लपलेली असणार, आणि सगळं एकाच ओळीत असलं की खड्याचं वजनही सोन्याच्या भावाने लागू शकतं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. ऐकायला किरकोळ, पण आजच्या सोन्याच्या भावाने गुणून बघा. आम्ही उठलो.

मग आपला सराफाच. बाहेरगावच्यांना इंदूरचा सराफा म्हटला की रात्रीचं गराडू, भुट्ट्याचा कीस आणि हवेत उडवलेला दहीवडा एवढंच आठवतं. आमच्या मागच्या पिढ्यांनी मात्र तिथे दिवसाउजेडी जाऊन मंगळसूत्रं केली. गादीवरचे सेठजी सत्तरीचे. मराठी घरांशी व्यवहार करून करून मराठी बोलतात, फक्त मधूनच एखादं क्रियापद हिंदी. दुकानात दोनच दिवे, आणि हिरा बघायचा तर ते स्वतःच म्हणतात, "बाई, दारात या, उजेडात देखो."

त्यांनी कागदाच्या पुड्या काढल्या. आतून निळसर कागद, त्यात सुटे हिरे. आधी खाणीतले दाखवले. चिमट्याने दोन हिरे शेजारी ठेवून म्हणाले, "एक डी, एक एच. सांगा कोणता कोणता." रंगाची ही श्रेणी डीपासून झेडपर्यंत जाते. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. ए, बी, सी आधीच्या पद्धतींमध्ये वापरून झाले होते, म्हणून सुरुवातच डीपासून. मी सांगितलं ते चुकलं. सुनेने सांगितलं तेही चुकलं. सेठजी खूश झाले. म्हणाले, सोन्यात जडवला की हा फरक घालणाऱ्या बाईला दिसत नाही आणि समोर उभ्या बाईलाही दिसत नाही, पण बिलात दिसतो. शुद्धतेचंही तेच. व्हीव्हीएस म्हणजे दहापट भिंगातूनही महत्प्रयासाने सापडणारा डाग. व्हीएसचा डागही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एसआयपासून पुढे मात्र प्रत्येक खडा स्वतः बघून घ्यायचा.

पैसे द्यायचे ते कटला, असं त्यांचं ठाम मत, आणि मला ते पटलं. आपण पूर्वी हिऱ्याचं 'पाणी' म्हणायचो, ते पाणी कार्बनमध्ये असतं तेवढंच पैलू पाडणाऱ्याच्या हातात असतं. गोल ब्रिलियंटला सत्तावन्न पैलू, टोकावरचा बारीक धरला तर अठ्ठावन्न. त्यांची प्रमाणं १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या हिरे घासणाऱ्यांच्या घरातल्या तरुण इंजिनिअरने गणिताने मांडली. हिरा जास्त खोल कापला की प्रकाश बाजूने निसटतो, उथळ कापला की तळातून निघून जातो, आणि नेमका कापला की आत शिरलेला प्रकाश वळून पुन्हा वर येतो. सेठजींनी एक खोल कापलेला हिरा दाखवला. वजन भरपूर, पण वरून बघाल तर मधोमध काळोख. वजन वाचवण्यासाठी असं कापतात, कारण भाव वजनावर. त्यात पुन्हा वजन दुप्पट झालं की किंमत दुपटीहून जास्त वाढते, आणि पूर्ण एक कॅरेटला वेगळाच तोरा. नव्वद सेंटचा हिरा साधारण ६.२ मिलिमीटरचा, शंभर सेंटचा साडेसहाचा. तीन दशांश मिलिमीटरसाठी लोक काय पैसे मोजतात ते ऐकून माझ्यातली बँकवाली बेशुद्ध पडली.

मग लॅबच्या पुड्या. एक कॅरेटच्या लॅब हिऱ्याला आम्हाला सांगितलेली किंमत खाणीतल्या तीस सेंटच्या निम्मी. मी विचारलं, परत द्यायचा झाला तर? सेठजींनी हात हलवला. "लॅब का? लॅबचा वापस विचारू नका. भाव रोज खाली." आणि खाणीतल्याचा? तो ते परत घेतात, पण दिलेले पैसे सगळे मिळत नाहीत, घट कापूनच. किती ते बिलावर लिहून देतात. म्हणजे दोन्हीकडे खड्ड्यात, फक्त खोली वेगळी. मला हे फार आवडलं. पहिल्यांदाच हिऱ्याच्या बाबतीत कोणी माझ्याशी बँकेच्या भाषेत बोललं.

सून म्हणाली, "काकू, मला विकायचाच नाहीये, तर घट कशाला मोजू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लॅबचा एक कॅरेटचा घेतला. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे गर्डलवर, लेझरने 'लॅब ग्रोन' आणि प्रमाणपत्राचा नंबर कोरलेला असतो. तो मी भिंगातून वाचला, कागदाशी जुळवला आणि प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेच्या साइटवरही टाकून बघितला. सोनं अठरा कॅरेट, ७५०चा शिक्का. बावीसचं मऊ पडतं, खडा धरणारे काटे सैल होतात. सोबत सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर. तो सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बिलात सोनं, हिरा, घडणावळ वेगळी, त्यावर तीन टक्के जीएसटी.

जीएसटीवरून आठवलं. आमच्या इंदूरचे हिरे म्हणजे 'इंदूर पेअर्स'. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्यांकडून घेतलेले दोन नासपतीच्या आकाराचे हिरे, प्रत्येकी ४७ कॅरेटच्या आसपास. पुढे त्यांच्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, चित्रात, मराठी पोशाखातल्या, ते दोन्ही गळ्यात लोंबताना दिसतात. १९४६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेले. यशवंतरावांनी बांधलेल्या माणिकबाग राजवाड्यात आता केंद्रीय जीएसटीचं ऑफिस आहे. हिरे गेले, कर इंदुरात.

आणि हिऱ्यांची खाण आपल्याच मध्य प्रदेशात. पन्नात आठ बाय आठ मीटरचा तुकडा सरकारकडून घ्यायचा, माती चाळत बसायचं, सापडलं तर हिरा कार्यालयात जमा करायचं. लिलावात विकला गेला की रॉयल्टी कापून उरलेले पैसे हातात. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एका मजुराला १९.२२ कॅरेटचा सापडला. ज्यांना वर्षानुवर्षं नुसती माती चाळावी लागते त्यांचा फोटो पेपरात येत नाही.

हे सगळं झाल्यावर सून म्हणाली, "काकू, त्या कुड्या दाखवा ना यांना."

सासूबाईंच्या कुड्या मी साखरपुड्यात घालायला त्याच दिवशी लॉकरमधून काढल्या होत्या. लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेल्या. एकेका कुडीत सात खडे. १९९८ मध्ये सासऱ्यांची बायपास झाली तेव्हा पाटल्या, गोठ, मोहनमाळ आणि शेवटी या कुड्या माझ्याच शाखेत तारण ठेवल्या. रजिस्टर मीच भरलं: एकूण ९.४० ग्रॅम, खडे व लाख वजा १.२० ग्रॅम, निव्वळ ८.२० ग्रॅम. कर्ज जेमतेम एकवीसशे. घरी आले तर सासूबाईंनी विचारलं, "पारख्याने हिरे भिंगातून बघितले का गं?" मला वाटलं, यांना वाईट वाटेल. म्हटलं, "हो आई, बघितले." त्या गप्प बसल्या. दोन वर्षांनी कुड्या सोडवल्या, आणि नंतर त्यांनी त्या कधी कानात घातल्या नाहीत. दागिन्याला बँकेचा वास लागला म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

सेठजींनी कुडी उलटी केली. मागून बंद, आत चांदीची पन्नी. भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. "चौदाही हिरे. जुना कट, हाताने घासलेला. पिवळट आहेत, पण पाणी आहे." हाताने घासलेल्या पैलूंची चमक वेगळी असते. नव्या हिऱ्यासारखी ती बारीक किरणांची नसते, मोठमोठ्या तुकड्यांत उघडझाप करते. दारातल्या उजेडात मी पहिल्यांदा त्यांच्याकडे खडे म्हणून नाही, हिरे म्हणून बघितलं. मग सेठजी म्हणाले, "एकाची कड उडाली आहे." हिरा ऐरणीवर घाव सोसतो अशी आपली समजूत. त्याला ओरखडा पडत नाही हे खरं, पण ठराविक दिशेने टोला बसला की तो टवका देतो. आणि हो, अंगठी कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून मऊ ब्रशने धुवा, कारण हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. मागून बंद असलेल्या जुन्या कुड्या मात्र कधी भिजवू नका. पाणी आत गेलं की पन्नी काळी पडते.

घरी आलो. सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या. अंगठी बघून म्हणाल्या, "छान आहे. तीन रात्री उशाशी घेऊन झोप. वाईट स्वप्न पडलं तर हिरा लाभत नाही समजायचं." सून म्हणाली, "आजी, हा लॅबचा आहे, यालाही लागू आहे का?" त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "एक रात्र पुरे."

मी कुड्यांचं सांगितलं. कड उडाल्याचं ऐकताच त्यांनी हात पुढे केला. दोन्ही कुड्या तळव्यावर घेतल्या, चष्मा न लावता अंगठा फिरवला आणि एका खड्यावर थांबवला.

"हा. उजव्या कुडीतला खालचा. बासष्ट साली न्हाणीघराच्या कडीवर कान आपटला होता. तुझ्या सासऱ्यांना सांगितलं नाही कधी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि बँकेत ठेवला तो तसाच. मला वाटायचं, फुटका हिरा चांगला म्हणून दिला, बँकेला फसवलं. आपल्याच सुनेच्या बँकेला."

"आई, बँकेत हिरे धरतच नाहीत. सगळेच वजा करतात. कोणी बघितलंच नव्हतं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग कुड्या डबीत ठेवत म्हणाल्या, "आणि तू म्हणालीस, भिंगातून बघितले."