पाबे घाटापलीकडून लावलेला १०८

गेल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्याजवळच्या एका वाडीत माझ्या मामांना घोणस चावली, आणि तेव्हापासून ग्रामीण भागातील आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या नियोजनाचा विचार डोक्यातून जात नाही. मामीला १०८ लावण्यासाठी रेंज मिळावी म्हणून भर पावसात देवळामागच्या टेकाडावर चढावे लागले. खाली ओसरीवर मामा पाय न हलवता बसले होते आणि घोट्यापासून वर सरकणारी सूज डोळ्यांना दिसत होती.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या, म्हणजे गंभीर रुग्णाला वाटेतच उपचार देता येतील अशा उपकरणांच्या, होत्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा ही योजना मला आजही मोलाची वाटते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष मात्र लोकसंख्येचा आहे: सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक केंद्र, डोंगरी व आदिवासी भागात २० हजारांमागे एक. पुण्यात बसून नकाशा पाहिला की अंतर किलोमीटरमध्ये दिसते. वेल्ह्याच्या वाटेवरच्या पाबे घाटात धुके उतरल्यावर ते मिनिटांत मोजावे लागते. म्हणून गाड्या उभ्या करण्याच्या जागा पावसाळ्यापुरत्या तरी वेगळ्या ठरवाव्यात, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष कोणत्या केंद्रात शिल्लक आहे, हे गाडी निघतानाच नियंत्रण कक्षाला ठाऊक असावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. आम्हाला ते पहिल्या केंद्रात मिळाले नाही, दुसऱ्यात मिळाले. मामा वाचले. गाडीतल्या तरुण डॉक्टरांनी वाटेत त्यांचा हात एकदाही सोडला नव्हता.