मोरीची कर्दळ आणि कुणाचाच नसलेला निंब

आमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम झालं, वास्तुशांती झाली आणि दुसऱ्याच दिवशी तो पोरगा (पोरगा म्हणजे पस्तिशीचा, पण मला आता सगळेच पोरगे वाटतात) विचारायला आला की काका, मागे सहा बाय दहाची जागा उरलीये, तिथं काय लावू, निंब लावू की तुमच्यासारखी कर्दळ? मी म्हटलं आधी चहा घे. कारण उत्तर मला येत नव्हतं, आणि चहाचे दोन कप झाले तरी आलं नाही.

खरं तर जळगावात हा प्रश्न पडायलाच नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलर गरम हवा फेकतो, नळ रोज येत नाही. अशा गावात सावलीचं झाड सोडून चिखलात पाय रोवून उभी राहणारी कर्दळ लावायची म्हणजे चैनच की. कुणीही म्हणेल निंब लाव बाबा, गप.

पण आमच्याकडे कर्दळ चैन म्हणून आली नाही, मोरीतून आली. २००४ साली घर बांधलं तेव्हा गटारीचा पत्ता नव्हता, मोरीचं पाणी मागच्या बाजूला सोडलेलं, तिथं नुसता चिखल, डास आणि वास. आई अमळनेरकडच्या गावाहून आली, दोन दिवस तो वास घेतला, आणि पुढच्या खेपेला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला कर्दळीचा गड्डा घेऊन एसटीतून उतरली. गावाकडे प्रत्येक घराच्या न्हाणीमागे कर्दळ, अळू नाहीतर एखादी केळ असायचीच, त्याला कुणी बाग म्हणायचं नाही. पाणी जातंय तर पिईल कुणीतरी, एवढाच हिशोब. आता त्याच पाण्याला ग्रे वॉटर म्हणतात, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फायटोरिड नावाचं तंत्र काढलंय, त्यात खडी भरलेल्या टाकीत कर्दळ, पाणकणीस असली झाडं लावून त्यातून सांडपाणी सोडतात. आत काय होतं तर या पाणथळ झाडांच्या पोटात हवेच्या पोकळ्या असतात, पानांकडची हवा थेट मुळांपर्यंत उतरते, म्हणून ती चिखलात गुदमरत नाहीत, आणि मुळांभोवतीचे जिवाणू त्या हवेवर जगून घाण खातात. आईनं हे सगळं गोणपाटातून आणलं होतं, कन्सल्टन्सी फी शून्य.

(मधे एकदा शहाणपण सुचून मी नाल्यातून पाणकणीसही आणलं, प्लास्टिकच्या टबात लावलं, त्याची ती तपकिरी कणसं फार आवडतात मला. कणीस फुटलं आणि आख्ख्या गल्लीत कापूस उडाला, वाळत घातलेल्या कपड्यांवर, शेजारच्या पापडांवर. टब त्याच आठवड्यात गेला.)

तर कर्दळ. पहिली काही वर्षं घरात सहा माणसं होती, सहा आंघोळी, रोजचं धुणं, भांडी, आणि कर्दळ माझ्या डोक्याच्या वर गेलेली. पानं अशी की लांबून बघणाऱ्याला केळच वाटावी, आणि ते काही फार चूक नाही, कारण कर्दळ, केळ, हळद, आलं हे सगळं एकाच गोतावळ्यातलं. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिची ही मोरीमागची गरीब चुलत बहीण, तिचा सत्कार कुणी केला नाही. मग मोठी मुलगी पुण्याला होस्टेलला गेली. मग वडील गेले. मग पोरगा बंगळुरूला लागला. घरातल्या बादल्या कमी झाल्या हे मी काही मोजलं नाही, पण मागे कर्दळ मोजत होती. आधी खांद्याला आली, मग छातीला. आई शेवटपर्यंत स्वतःची लुगडी मोरीतच हातानं धुवायची, मशीनवर तिचा विश्वास नव्हता, त्या पाण्यावर कर्दळ टिकून होती. आई जाऊन आता सात वर्षं झाली, मशीन वरच्या गच्चीत गेलं, त्याचा पाईप तिसरीकडेच, आणि कर्दळ कमरेला आली. दिवाळीत पोरं आठ-दहा दिवस येऊन गेली की तिकडे नवीन पान निघतं, हिरव्या सुरळीसारखं, हळूहळू उलगडत जातं आणि तोवर पोरं आपापल्या गावी पोचून कामाला लागलेली असतात. मागच्या गल्लीतल्या मावशी एकदा मला म्हणाल्या, तुमच्याकडे पाहुणे होते वाटतं. मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाल्या कर्दळ हसतेय ना.

आणि निंबाचं म्हणाल तर त्याला आम्ही आहोत की नाही याची खबरही नाही.

तो कुणी लावला नाही. कुठल्यातरी पाखरानं निंबोळी खाऊन बी गेटजवळ टाकलं असणार, आणि तेही नेमक्या पावसात, कारण निंबोळीचं बी ठेवून चालत नाही, थोड्याच आठवड्यांत त्याची उगवायची ताकद जाते. २००९ च्या पावसाळ्यात वीतभर रोप दिसलं, उपटायचा आळस केला, बस, एवढंच माझं योगदान. पाणी कधी घातल्याचं आठवत नाही. आज तो दुमजली घराएवढा आहे, कंपाउंडच्या भिंतीला त्यानं तडा दिलाय, फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढा पाला गाळतो की आमची ही झाडू घेऊन त्याच्याशी भांडते. मग लगेच तांबूस पालवी येते, पाडव्याला कोवळा पाला घरचाच होतो, रात्री फुलांचा तो मंद गोडसर वास येतो आणि ही भांडण विसरते. जूनमध्ये निंबोळ्या पिकून गाडीवर पडायला लागल्या की पुन्हा सुरू.

पण खरी गंमत सावलीची. आमचं गेट पूर्वेला, निंब गेटला लागून, रस्ता त्याच्या पलीकडे. म्हणजे सकाळी ऊन पूर्वेकडून येतं तेव्हा सावली आमच्या ओट्यावर, जेव्हा तिची कुणाला गरज नसते. आणि दुपारी, जेव्हा जीव जातो तेव्हा, सूर्य घराच्या मागे आणि निंबाची सगळी सावली रस्त्यावर! तिथं केळीवाल्याची गाडी लागते, डिलिव्हरीची पोरं मोबाईल बघत बसतात, भंगारवाला लवंडतो. मी घामाघूम होऊन खिडकीतून बघतो. एकदा केळीवाल्याला गमतीत म्हटलं की भाडं घेतो आता तुझ्याकडून, तर तो हसून म्हणतो, "भाऊ, निंब तुमना, सावली आमनी." मग अर्धा डझन केळी दिली, पैसे पूर्ण घेतले.

मोठी लहान होती तेव्हा आखाजीला (म्हणजे अक्षय तृतीयेला) झोका पाहिजे म्हणून रडायची, गावाकडे निंबाला झोके बांधलेले बघितले होते ना तिनं, माहेरवाशिणी गाणी म्हणत झोके घेतात ते. तेव्हा आमचा निंब मनगटाएवढा. आता फांदी तीन झोके पेलेल, आणि दरवर्षी आखाजीला झोका बांधलाही जातो, पण गल्लीतल्या पोरी बांधतात, रस्त्याकडच्या फांदीला, मला न विचारता.

गंमत म्हणजे शास्त्रीय नावात दोघंही इंडिका, कर्दळ कॅना इंडिका आणि निंब अझाडिराक्टा इंडिका. पण कर्दळ मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, इंडिका नुसतं नावाला. निंब मात्र खरा इकडचा, आणि त्याच्याच तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर १९९४ मध्ये युरोपात एका अमेरिकन कंपनीनं आणि अमेरिकेच्याच शेती खात्यानं मिळून पेटंट मिळवलं होतं. आपल्याकडच्या लोकांनी भांडून ते २००० मध्ये रद्द करायला लावलं, अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. आपला कापूसवाला शेतकरी निंबोळ्या कुटून पाच टक्क्यांचा अर्क आजही फवारतो. म्हणजे निंबावर मालकी सांगायला गेलेला मी एकटाच नाही, मोठमोठ्यांचं जमलं नाही, मला केळीवाल्यानं अर्ध्या डझनात गप्प केलं यात काही विशेष नाही.

बरं, चहा प्यायला बसलेल्या पोराला हे सगळं सांगत बसलो नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत भुयारी गटारीचं काम निघालं. प्लंबर आला आणि म्हणाला, काका, मोरीचा पाईप चेंबरला जोडायचाय, ही कर्दळ काढावी लागेल. मी म्हटलं संडासाचा जोड, मोरीचा राहू दे. तो म्हणाला तसं नसतं काका. दोनदा बोललो, मग माझ्याकडे बघून तो नुसताच कुदळ टेकून उभा राहिला, तेव्हा म्हटलं बरं, खण. गड्डे निघाले ते पाटीभर, एकमेकांत बोटं अडकवल्यासारखे. अर्धे मी बाजूला परत पुरले, रोज आंघोळ झाली की एक बादली तिकडे नेऊन ओततो, ही म्हणते मोरी होती तेव्हा बरं होतं, आता तुम्हीच पाईप झालात.

उरलेले गोणपाट ओलं करून त्यात गुंडाळले आणि शेजारी गेलो. पोराला विचारलं, घरात माणसं किती? म्हणाला आम्ही दोघं, दोन पोरं. मी म्हटलं चालेल, गटारीला जोडायच्या आधी बाथरूमच्या पाण्याचा एक फाटा मागे काढून घे. आणि निंब? तो म्हणाला. निंब विकत आणू नकोस, म्हटलं, पावसाळ्यात आमच्या निंबोळ्या तुझ्या अंगणात येतीलच, एखादं रोप उपटायला विसर.

याला तीनेक महिने झाले. काल सकाळी ओट्यावर, निंबाच्या बिनकामाच्या सावलीत पेपर वाचत होतो तर मागून ही ओरडली, अहो, इकडे या. मधल्या भिंतीच्या वर कर्दळीची दोन पानं आली होती, आणि एक लाल फूल. चार माणसांत एवढी नाही वाढायची. सासूबाई राहायला आल्यात बहुतेक.