पेट्रोलचा काटा: अर्ध्या टाकीखाली काय सापडलं

खंबाटकी घाटात काटा एकदम शून्यावर आला, दिवा पेटला आणि पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तेव्हा मी अर्थवर (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह तारेवर) संशय घेतला होता. तो चुकीचा होता, हे आधीच सांगतो.

त्यानंतर दोन टाक्या संपेपर्यंत वहीत टिपत गेलो: ट्रिप मीटर किती, रस्ता कसा, काटा कुठे होता. अकरा नोंदी झाल्या. खड्डे, घाट, सिग्नल, कशाशीच मेळ बसेना. पण अकरापैकी दहा वेळा काटा पाव ते अर्ध्या टाकीच्या मध्येच होता. अर्थ किंवा कनेक्टर सैल असता तर टाकी किती भरलीय याच्याशी त्याचा काय संबंध?

तरी खात्री हवी होती. टाकी फुल्ल केली, मागच्या सीटखालचं झाकण उघडलं, सेंडरच्या, म्हणजे पेट्रोलच्या पातळीप्रमाणे आपला रोध बदलून काट्याला कळवणाऱ्या टाकीतल्या भागाच्या, दोन पिना सोडवून (पंपाच्या तशाच ठेवल्या) त्या जागी १०० ओहमचा, न बदलणाऱ्या रोधाचा रेझिस्टर जोडला. चार दिवस ट्रिप मीटरच्या हिशेबावर १८० किलोमीटर चालवली. काटा अर्ध्याच्या जरा वर बसला तो तसूभर हलला नाही. म्हणजे वायरिंग, अर्थ, मीटर सगळं ठणठणीत. दोन तारांचा सेंडर असेल तर ही चाचणी जरूर करा. डॅशबोर्ड उघडायची वेळच येत नाही.

काल पेट्रोल पाव टाकीखाली आल्यावर मॉड्यूल (पंप आणि सेंडरची एकत्र जोडणी) टाकीतून काढलं. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडली. काम उघड्या अंगणात. मॉड्यूल धरून ठेवणारी रिंग लाकडी ठोकळ्याने ठोकत फिरवली. पेट्रोलच्या वाफेजवळ लोखंडी छिन्नी नकोच.

डिजिटल मल्टिमीटरचा आकडा सावकाश बदलतो, क्षणभराचा तुटकपणा त्यात निसटतो. म्हणून शेजारच्या काकांकडून जुना काट्याचा मल्टिमीटर आणला. तो सेंडरच्या पिनांना लावून फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) अगदी हळू वर उचलत गेलो: २४०, २१०, १८० ओहम... आणि काटा झटकन अनंताकडे. केसभर पुढे सरकवलं, पुन्हा १७०. सर्किट तुटलं की माझ्या गाडीला टाकी रिकामी वाटते, त्यामुळे घाटातला शून्यही इथेच उलगडला.

भिंगाखाली पाहिलं तर सेंडरमधल्या रोधाच्या पट्टीवरच्या चांदीच्या बारीक रेघा नेमक्या त्याच भागात काळ्या पडलेल्या. पेट्रोलमधल्या गंधकाने चांदी काळवंडते, देवघरातल्या निरांजनासारखीच. शिवाय मी कायम थोडंथोडं पेट्रोल भरतो, त्यामुळे वायपर (फ्लोटबरोबर पट्टीवर सरकणारा टोकाचा पत्रा) वर्षानुवर्षं तेवढ्याच पट्ट्यात घासत राहिला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पट्टी पुसली. नंतर दहा वेळा फ्लोट वर-खाली केला. तुटणं थांबलं, पण १७५ च्या आसपास काटा अजून थरथरतो. सध्या नवी रबर रिंग घालून मॉड्यूल बसवलंय आणि टाकी अर्ध्याच्या वर ठेवतोय. सेंडर मागवलाय. आला की बसवण्याआधी तोही याच मीटरवर वर-खाली करून बघेन आणि दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहीन.