४,२९,४९,६७,२९७ : हाताने फोडलेली संख्या

दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच तिला भाग जात नाही, असं फ्रेंच गणिती फर्मा धरून चालला होता. त्याच घडणीच्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक एक) आधीच्या पाचही, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, मूळच आहेत. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने तिचे विभाजक शोधून तिला फोडलं. उत्तर मला ठाऊक होतं. ते हाती कसं लागतं हे स्वतः करून बघायचं होतं. कॅल्क्युलेटर लांब ठेवून वही घेऊन बसले.

पहिल्या दिवशी ३, ७, ११ असा ओळीने भाग देत गेले. दहा आकडी भाज्य, सारखे हातचे चुकायचे. वर्गमूळ ६५,५३६ च्या जरासं पुढे, म्हणजे तोवरच्या ६,५४२ मूळ संख्या तपासायच्या! वही मिटली.

दुसऱ्या दिवशी आधी विचार केला. समजा प हा तिचा मूळ विभाजक आहे. मग प ने भागल्यावर २ च्या ३२व्या घाताची बाकी −१ (म्हणजे प ला एक कमी) येणार, आणि तिचा वर्ग केला की ६४व्या घाताची बाकी १. त्याआधीच्या कुठल्याच घाताला १ येऊ शकत नाही, कारण तसं झालं तर ३२व्यालाही १ च यावी लागेल. आता फर्माचं छोटं प्रमेय म्हणतं की (प−१)व्या घाताची बाकी १ असते. बाकी १ फक्त ६४ च्या पटीतल्या घातांनाच येते, म्हणजे प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. फर्माच्याच प्रमेयाने ही वाट उघडली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तपासायला उरल्या ६४ च्या पटीहून एकाने मोठ्या मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... दहा आकडी भागाकारही नको: ६५,५३६ (२ चा १६वा घात) ची बाकी काढा, तिचा वर्ग करा, पुन्हा बाकी काढा, एक मिळवा. १९३ ला उरले १०९, २५७ ला २. ४४९ ला ४३१ च्या जागी ३४१ लिहिलं आणि सगळं पुन्हा करावं लागलं, उरले ३२५. ५७७ ला २८८. मग ६४१: बाकी १५४, वर्ग २३,७१६, त्यातून ६४१ × ३६ म्हणजे २३,०७६ वजा केले. उरले ६४०. एक मिळवायचा बाकी होता. पेन्सिल खाली ठेवून मी त्या ६४० कडे बघत राहिले.

भागाकार आला ६७,००,४१७. तो मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. त्याचा मूळ विभाजक आपल्या मोठ्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून इथे फ्रेंच गणिती ल्यूकाने १८७८ मध्ये या ६४ च्या नियमात केलेली सुधारणा कामी आली: प−१ ला ६४ च काय, १२८ नेही भाग जातो. त्या मर्यादेत अशा मूळ संख्या पाचच, त्यातली २५७ आधीच बाद. उरलेल्या चौघींनी भागून पाहिलं. ६४१ ला बाकी ४४, ७६९ ला १२०, १,१५३ ला ३३४, १,४०९ ला ६२२. ६७,००,४१७ मूळ आहे.