तुम्ही विचारलंत म्हणून: संस्था चालते कशावर?

"ताई, पैसे येतात तरी कुठून?" बीडच्या स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला कोयता घेऊन साखर कारखान्याकडे निघाले, की मागं राहिलेली लेकरं हंगाम संपेपर्यंत आम्ही सांभाळतो, म्हणजे त्यांची शाळा सुटत नाही. लेकरं ३४, ताया दोन, स्वयंपाकाला एक मावशी.

देण्याची दानत आपल्याकडे आहेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होते. धान्य, चादरी भरलेले ट्रकच्या ट्रक मी पाहिलेत. पण आमचं संकट दरवर्षीचं, त्याला बातमी नाही. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. त्यातून आम्हाला सौर दिवे मिळाले, बाकं मिळाली. उपकारच आहेत ते. पण प्रकल्प वर्षाचा असतो आणि पहिलीतलं लेकरू दहावी पास व्हायला दहा वर्षं लागतात. शिवाय ज्या वस्तूवर नाव घालता येतं तिला देणारे भेटतात, ताईच्या पगाराला भेटत नाहीत. रात्री दोन वाजता तापलेल्या लेकराच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवते ती ताईच. मला विचाराल तर पगाराला दिलेला रुपया सगळ्यात मोलाचा.

मागच्या गुढीपाडव्याच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. लेकीला न्यायला आलेल्या एका आईनं घरून आणलेली पायलीभर ज्वारी माझ्यापुढं ठेवली. "उचल फिटली न्हाई अजून, पर हे ठिवा." उचल म्हणजे मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे. मी म्हटलं, तुम्हालाच लागंल. तिचा चेहरा उतरला. "बाई, माझी लेक फुकट खाऊन ऱ्हायली, असं नगा करू."

मी पावतीपुस्तक काढलं. 'धान्य : ज्वारी, १ पायली.' लेकीनं पावती मोठ्यानं वाचून दाखवली. आईनं तिची बारीक घडी केली आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. तेव्हापासून कुणाचंही देणं मी परत करत नाही.

"आम्ही काय देऊ?" असं कुणी विचारलं, की आता मी आधी पगार सांगते. महिन्याला २०० रुपये देणारे ४१ जण झालेत. त्यात तीन मुली आमच्याकडंच राहून शिकलेल्या. एका ताईचा पगार निघतो. दुसरीच्या पगारासाठी अजून माणसं जोडतेय.